लेकाच्या ताटातलं

पहिला घास घेतला आणि गोजरबाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, कारण पदार्थ वाईट होता. नगरच्या स्टँडजवळच्या त्या चकचकीत हॉटेलात पास्ता म्हणून जे आलं होतं, ते गोडूस लाल सॉसात बुडून पार लगदा झालेलं होतं.

“हे खातंय व्हय माझं लेकरू?” ती म्हणाली. “मग येऊ दे माघारी.”

तिचा कानिफनाथ पाथर्डीजवळच्या गावातून उठून इटलीला गेला होता, एका गोठ्यावर गाई सांभाळायला. आता मालक आणखी पाच वर्षं राहा म्हणत होता. कानिफने सगळं आईवर सोडलं होतं. ती ये म्हणाली तर तो येणार होता. उत्तर ऐकायला आज दुपारी त्याचा फोन यायचा होता. नवरा गेल्यापासून गोजरबाई घरात एकटीच. अंगणवाडीत मदतनीस; गावातली निम्मी पोरं तिच्या खिचडीवर वाढलेली. माणूस सुखात आहे की नाही हे त्याच्या ताटावरून कळतं, असं तिचं साधं गणित. तेव्हा तिकडचं जेवण आधी स्वतः खाऊन बघायचं, म्हणून ती नगरला बहिणीच्या मुलीकडे, रेश्माकडे आली होती.

रेश्मा गप्प बसती तर भागलं असतं. पण पोरगी पडली सरळ. म्हणाली, हे इटलीचं नव्हेच. खरं खायचं तर सावेडीत एक ठिकाण आहे, महाग आहे, पण पैसे वसूल होतात. भाव ऐकून गोजरबाईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात आठवड्याचा बाजार होतो, म्हणाली. पण उठली. खोटं कारण काढून पोराला बोलावणं तिच्या मनाला पटेना.

सावेडीचं हॉटेल म्हणजे बंगल्याच्या पडवीत मांडलेली चार टेबलं. मालकीणबाई स्वतःच पीठ मळून पास्त्याच्या पट्ट्या कापत होत्या. ताट आल्यावर गोजरबाईने काटा-चमचा बाजूला सारला आणि हाताने घास घेतला. टोमॅटो मंद आचेवर आटवलेले, लसूण बेताचा. निगुतीने केलेलं अन्न होतं. तिला ते वाईट लागायला हवं होतं, मनापासून हवं होतं. पण चांगल्या अन्नाला नावं ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रेश्माला वाटलं, मावशीला ठसका लागला.

ताट पुसून झालं तोच फोन आला. रेश्माने तो तिच्यासमोर धरला. कानिफचे गाल भरले होते.

“कोन करून घालतं रं तुला?”

“मालकाची आई. म्हातारी हाय. नको म्हनलं तरी वाढती.” मग त्याने विचारलं, “काय ठरवलंस, आई?”

“ऱ्हा तिथंच,” गोजरबाई म्हणाली. “अन् म्हातारीला सांग, तुझ्या आईनं तिकडचं जेवान खाऊन बघितलंय. लई चांगलं हाय म्हनावं.”

तो बरं म्हणाला. त्याला हायसं वाटलं की वाईट, ते तिला त्या लहान पडद्यावर उमगलं नाही.

रेश्मा पैसे देऊन आली तरी गोजरबाई तशीच बसून होती. उष्टा हात वाळून गेला होता. मावशी, हात धुऊन घे, रेश्मा म्हणाली.

“धुती,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे जरा.”