कुंकू लागलेला रोखा

मी एक जुना रोखा आहे, मित्रांनो. इनामी रोखा. आता मला कोणी ओळखत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

लॉटरीचं तिकीट लागलं नाही की त्याची भेळेची पुडी होते. माझं तसं नव्हतं. माझ्यात घातलेले पैसे सरकारकडे सुखरूप राहायचे, मुदतीच्या आत कधीही जेवढ्याला तेवढे परत. व्याज मात्र नाही. व्याजाच्या बदल्यात सोडत निघायची आणि नंबर लागला तर मोठं बक्षीस. म्हणजे बुडायची भीती नाही आणि आशा फुकट. ही फुकटची आशाच महाग पडते, पण ते पुढे.

छापखान्यात मला हिरवी किनार मिळाली, पाठीवर बारीक अक्षरांत नियम मिळाले आणि पोटावर नंबर. ठाण्याच्या पोस्टात गठ्ठ्यात पडून होतो. तिथून मला घेतलं शहाडच्या गणूनं. पण पैसे त्याचे नव्हते. ते होते गुणाजीचे, आणि गुणाजी होता बहरीनला.

गुणाजी ठाकुर्लीच्या खाडीकाठचा कोळी. खाडीत कंपन्यांचं पाणी सुटलं, मासळी आटली, तेव्हा वेल्डिंग शिकून तो तिकडे गोदीत गेलेला. गडबडीत गेला, बँकेत खातं काढायचं राहून गेलं. तसंही त्यांच्या आळीत सगळ्यांची बँक म्हणजे तांदळाचा डबा. आता तिकडून रोखा घ्यायचा तर इथल्या खात्याचा चेक हवा. खातं काढायचं तर स्वतः हजर हवं. म्हणून त्यानं तिथंच बरोबर काम करणाऱ्या, सुट्टीवर निघालेल्या गणूच्या खिशात रोख पैसे कोंबले.

खिडकीवर वासंतीबाई होत्या. त्यांनी विचारलं, "नाव कोणाचं लिहू?"

"गुणाजीचं. तो बहरीनला असतो."

"इथं खातं आहे त्याचं?"

"नाही ना."

"मग बक्षिसाचा चेक कुठं भरणार, खाडीत?"

गणूनं डोकं खाजवलं. "बायकोचं लिहा. मंजुळा. ती काढेल खातं."

आणि काढलं तिनं. ठाकुर्ली स्टेशनजवळ गुरुदत्तचा फोनचा बूथ होता. त्यानं ओळख दिली, आणि मंजुळा सही करायला शिकली. मित्रांनो, माझ्यामुळे कोणाचं काही भलं झालं असेल तर ते एवढंच.

मला आणायला ती स्वतः शहाडला गेलेली. परत येताना वाटभर माझा नंबर घोकत होती, पाढ्यासारखा. शेवटचा आकडा तीन. तीन, तीन, तीन.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. मनुबाई. त्यांच्या घरात नवीन काहीही आलं, मग ते जाळं असो, होडी असो, नाहीतर कुकर, तर आधी हळदकुंकू. मला पाटावर ठेवलं. मनुबाईंनी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि टेकवलं ते नेमकं माझ्या शेवटच्या आकड्यावर. झालं. आता तो तीन की आठ, कोणालाच कळेना.

मंजुळा पदरानं पुसायला गेली तर मनुबाईंनी हात धरला. "अगो, माजा पोर दर्यापार आणि तू कुंकू पुसतंस?"

मंजुळेनं पदर आवरला. तसंच मला फडक्यात बांधून देव्हाऱ्यामागे ठेवलं.

त्यानंतर प्रत्येक सोडतीला मनुबाई बूथवर जायच्या. गुरुदत्त पेपर उघडायचा.

"मावशे, तीनवाला पण नाही, आठवाला पण नाही."

"नीट बघ रं."

"लोकांना एक चान्स असतो, तुला दोन आहेत. तरी बोंब."

मंजुळा बाजूला उभी राहायची. गप्प. तिला माहीत होतं, आणि मला माहीत होतं. आळीत आमच्या दोघांशिवाय तीन कोणाला ठाऊक नव्हता.

गुणाजीचा फोन यायचा त्याच बूथवर. मंजुळा विचारायची, "कवा येतंय?" तो म्हणायचा, "रोखा लागूदे, मग लगेच. होडीला इंजिन घेऊ, परत जायचंच नाही." दर वेळी हेच. आधी आधी हसून म्हणायचा. नंतर नुसता म्हणायचा. सुट्टीचं तिकीटही काढेना, म्हणे पैसे कशाला घालवायचे, रोखा लागला की एकदमच येतो. मला फडक्यात बसल्या बसल्या लाज वाटायची. एक अख्खा माणूस माझ्यावर टांगलेला.

पोरगी हेमा तो गेल्यावर जन्मलेली. तिचा बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो. गणपतीच्या दिवसांत मंजुळा बाजारातून आली तर हेमा स्टुलावर चढलेली आणि बापाच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला. टाळ्या वाजवत आरती चाललेली. पोरीला काय कळतंय? शेजारच्या घरात आजोबांच्या फोटोला हार होता, तिनं तसा इथं घातला.

मंजुळेनं हार काढला. मग देव्हाऱ्यामागून मला काढलं, माझ्याकडे बघत बसली. मी काय बघण्यासारखा होतो?

त्याच आठवड्यात सोडत निघाली. गुरुदत्त पेपर घेऊन पळतच आला. आठवाला लागला होता.

सगळी आळी दारात. मनुबाई रडायला लागल्या. गुरुदत्त शहाणा, म्हणाला, "वहिनी, आधी पोस्टात दाखवून घेऊ. तो आकडा साला धड दिसत नाही."

मंजुळा म्हणाली, "आधी फोन लाव."

"अगं पण..."

"लाव म्हनलं ना."

बूथवर मी मनुबाईंच्या मुठीत होतो, सगळं ऐकलं. गुणाजीचा आवाज रिसिव्हरमधून बाहेर येत होता. "लागला? खरंच लागला?"

"गुरुदत्त बोलतंय लागला."

"तू काय बोलतंस?"

"मी बोलते, घरी या."

मित्रांनो, तो आला. मुकादमाशी भांडून, हिशोब घेऊन, कायमचा. दारात बॅगा टेकवल्या तर हेमा आईच्या मागे लपली. तिनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. फोटोतला बाप बारीक होता. हा पुढे टक्कल पडलेला कोण? गुणाजी खाली बसला, तिला हाक मारली. ती नाही आली. तो तसाच बसून राहिला बराच वेळ, बुटांसकट.

दुसऱ्या दिवशी सगळे ठाण्याला. वासंतीबाईंनी मला हातात घेतलं आणि चष्मा वर केला. "हा आकडा काय आहे? पुसा की हो."

आता पोरगा समोर उभा होता, दर्यापार नव्हता. मनुबाईंनी स्वतःच पदर ओला केला आणि पुसलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी अख्खा दिसलो.

तीन.

वासंतीबाईंनी दोनदा यादी बघितली आणि मला हळूच परत सरकवलं.

बाहेर बाकावर सगळे बसले. गुणाजी बायकोकडे बघत होता. "तुला ठाव होतं?"

"होतं."

"लागलेलं काम टाकून आलोय मी, मंजू."

"ठाव हाय."

"सांगायचंस ना, ये म्हणून. आलो असतो."

"किती वेळा बोलले?"

गुणाजी चिडलेलाच होता. मनुबाई मध्ये पडल्या. मला वाटलं, आता सुनेवर घसरतात. पण त्या लेकाला म्हणाल्या, "ती खोटा नाय बोल्ली. गप रायली. तू दर फोनला बोलायचास, येतो येतो. त्यातला खरा किती होता?"



लगेच सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. गुणाजी महिनोन्‌महिने धुसफुसत होता. डोंबिवलीत ग्रिलच्या कारखान्यात लागला, पगार तिकडच्यापेक्षा कितीतरी कमी. होडीचं इंजिन आलंच नाही. मंजुळेला टोमणे मारायचा, "या लखपतीण." तीही सोडायची नाही, "चला, मालक, डबा भरलाय." हेमा आधी त्याच्या सायकलवर बसायला लागली, मग त्याच्याशी भांडायला. एकदा त्याला ताप आला तर ती शाळेतच गेली नाही. त्या दिवसापासून टोमणे कमी झाले, एवढं मी पाहिलं.

मी अजून इथंच आहे, कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. किनार पिवळी पडलीये, कसर लागलीये. जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला वेळेत मोडून पैसे घ्यायला हवे होते, तेही या लोकांनी केलं नाही.

मी दुसरंच मागतो. तुमच्या घरातलं कोणी लांब असेल आणि "अमुक झालं की येतो" म्हणत असेल, तर त्याला तारीख विचारा. आमच्या पाठीवर सरकार मुदत छापून देतं, ती संपली की पोस्टवालेही हात लावत नाहीत. माणसाच्या पाठीवर कोणी छापत नाही, मित्रांनो. त्याला वेळेवर घरी बोलवा.