बुंदीच्या टाचा

“ताई, लादीवर नका ठेवू त्याला. सशाच्या तळव्याला गादी नसते, कुत्र्या-मांजरासारखी,” चांगुणामावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या होत्या. बुंदी घरात येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. मी हसले. म्हटलं, “मावशी, शेतावर कोण गादी घालतं हो त्याला?”

“शेतावर माती असते,” म्हणत त्या बादली घेऊन मोरीकडे गेल्या.

बदलापूरचा आमचा फ्लॅट म्हणजे सगळीकडे चकचकीत टाइल्स. माझी अडीच वर्षांची उन्नती हाका मारून दमायची, पण बुंदी बाथरूमसमोरच्या पायपुसण्यावरून दिवसदिवस हलायचा नाही. “किती शहाणा आहे! तुम्हा दोघींपेक्षा,” माझा नवरा विनीत म्हणायचा. मलाही तसंच वाटलं. मग एकदा उन्नतीने लांबून कोथिंबीर दाखवली. तो उतरला आणि चार पाय चार दिशांना. कसाबसा सरपटत परत पायपुसण्यावर गेला. एवढे दिवस तो तिथे अडकून पडला होता, आणि आम्ही कौतुक करत होतो.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला. मोबाइलवर एकजण सांगतो चटई घाला, दुसरा सांगतो चटई कुरतडून पोटात अडकेल. गोणपाट घातलं तर त्यात नख अडकलं. उन्नतीच्या खेळायच्या फोमच्या लाद्या घातल्या, तर त्याने सकाळभरात त्यांच्यावरच्या बदकाचं डोकं खाल्लं. मग तो लेंड्या टाकतोय की नाही हे बघत मी दिवसभर बसून.

शेवटी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. चंदरभाईंच्या दुकानात जमिनीवर अंथरायचं काहीही मिळतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिरवा रोल उलगडला.

“दीदी, ससा है ना? मग लॉन घ्या! कालच एक वांगणीवाले साब घेऊन गेले. फार्महाऊस है उनका, व्हरांड्यात खरगोश पाळलाय.”

प्लॅस्टिकचं गवत. मला मावशींची माती आठवली, आणि वाटलं, हेच ते. घरी अंथरलं तर बुंदी चक्क पळाला! उन्नती टाळ्या वाजवायला लागली. मावशींनी नुसता त्यावरून तळहात फिरवला. “टोचतंय की,” म्हणाल्या. मी म्हटलं, “अहो, नवीन आहे. बसेल.”

तीन आठवड्यांनी मावशींनी मला हाक मारली. “ताई, उन्नीने रंग सांडला का?” गवताच्या कडेला लादीवर लाल ठिपके होते. उन्नतीच्या हाताला रंग नव्हता.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी बुंदीला टॉवेलमध्ये गुंडाळून मागचा पाय दाखवला. टाचेवरचे केस गेलेले, कातडी लाल, मधोमध जखम. “रोज घासून घासून झालंय. हे आत हाडापर्यंत गेलं तर अवघड आहे.”

“पण डॉक्टर, ते गवत आहे,” मी म्हटलं. खरंच म्हटलं मी असं.

आता खाली गोधडी आहे. उन्नती झाली तेव्हा मावशींनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली. ‘इन्फेक्शन होईल’ म्हणून मी ती माळ्यावर टाकली होती. मावशींनी ती ओळखली, आणि वाकून तिची कड सरळ केली. बुंदी तिच्यावर चार पावलं टाकतो, थांबतो. मलम चालू आहे. पण गोधडीच्या टाक्यांत नख अडकलं तर? धागा खाल्ला तर? डॉक्टर म्हणतात रोज तपासा, विनीत म्हणतो आता पुरे. जखम भरतेय की मला तसं वाटतंय, तेही कळत नाही.

काल चंदरभाईंकडे परत गेले, त्या वांगणीवाल्यांचा नंबर मागायला. “नाम भी नहीं पूछा, दीदी. सफेद गाडी होती.”

म्हणून तुम्हाला सांगतेय. वांगणीच्या बाजूला राहत असाल, कुणाच्या व्हरांड्यात हिरव्या गवतावर ससा दिसला, आणि तो अगदी शहाण्यासारखा गप्प बसलेला असेल, तर आत जाऊन विचारा. त्याला नीट धरायला सांगा आणि मागचा पाय हळूच उचलून टाच बघा.