बाबांची नाडी

गव्हाण गावच्या मंडपात रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. प्राणनाथबाबा आज सर्वांसमक्ष मरणार होते. दहा मिनिटांपुरतेच, अर्थात. जेवणाची पंगत चुकवण्याइतके काही ते विरक्त नव्हते.

कामोठ्याची रेवा पुढच्याच रांगेत बसली होती, ती दमयंतीमावशीखातर. मावशी तिच्या सोसायटीत मासळी घेऊन यायची. मावशीचा होडीवर मासेमारी करणारा नवरा धर्मराज याला रक्तदाब, आणि बाबांनी पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या गोळ्या बंद करवल्या होत्या. तेव्हापासून त्याचं डोकं ठणकत होतं आणि काळजीने मावशीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"तू हृदयाचंच काम करतंस ना? एकदा येऊन बग, बाय," मावशी म्हणाली होती.

रेवाचं काम खरंच ते होतं. हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा आणि पुढच्या धमन्या यांचं एकमेकांशी कसं जमतं, याची गणितं ती कॉम्प्युटरवर मांडायची.

"हृदय म्हणजे कोण? प्राणाचा नोकर," बाबा गरजले. "मालक थांब म्हणाला की थांबतं." त्यांनी डोळे मिटले, दंड अंगाशी आवळले आणि मनगटं पुढे केली.

निवृत्त पोस्टमास्तर कमळाकर पुढे झाले. दोन्ही मनगटं चाचपता चाचपता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाडी नाही हो."

बायाबापड्यांनी हात जोडले. "बग, हृदय बंद केलं बाबांनी," धर्मराज बायकोला म्हणाला. "मंग मना गोल्या कशाला?"

घोळ झाला तो इथेच. आपल्याकडे नाडी म्हटलं की लोक हृदयच समजतात. मनगटाला लागली नाही की माणूस गेला. इकडे हृदय बंद पडलेले बाबा मात्र नाकावरची माशी फुंकरीने उडवत होते. रेवाला हसू आवरेना.

ती बाबांच्या मंचावर गेली आणि बाबांच्या जबड्याखाली, मानेला दोन बोटं लावली. "इथे तर घोड्यासारखी पळतेय. बाबा, जरा हात वर करा."

"समाधी भंगेल," मेलेले बाबा म्हणाले.

दमयंतीने पदर खोचला. जिवंत खेकडे हाताळणाऱ्या बाईला बाबांचे दंड ते काय! तिने हात उचलले, तशी दोन्ही काखांतून दोन लिंबं टपाटपा खाली पडली. मंडप खदखदून हसला.

"लिंबाने दंडातली धमनी दाबली, म्हणून मनगटाला नाडी लागली नाही," रेवा म्हणाली. "काका, होडीतलं पाणी उपसताना पायपावर पाय दिला तर पंप थांबतो?"

"नाय," धर्मराज म्हणाला. "गुरगुरतो. तापतो."

"तुमच्या धमन्या आखडल्यात. गोळी त्यांना सैल करते, म्हणून हृदयाला कमी जोर लावावा लागतो. ती सोडली की सगळा भार त्या पंपावर."

धर्मराजचा हात छातीवर गेला. हसणं कधीच ओसरलं होतं.

"म्हंजे पंधरा दीस मीच पायपावर पाय देऊन हुबा हाय."

"मंग उतर आता," दमयंती म्हणाली आणि त्याला रिक्षात घालून थेट डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

मंडळी, चमत्कार खुशाल बघा, पण करणाऱ्याच्या काखाही बघा. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. बाबा दहा मिनिटांनी परत येतात, आपलं माणूस येत नाही.