न उघडणारी खिडकी

मित्रांनो, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघे गावात, एका घराच्या मागच्या अंगणात, निंबाच्या झाडाला टेकून उभी असलेली मी एक जुनी खिडकीची ग्रिल आहे. माझा रंग उडाला आहे. खालच्या दोन गजांवर गंज चढला आहे.

माझा जन्म बंडूजींच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्याचे कारण असे की, मागच्या गल्लीतले किसनराव लग्नासाठी रोहण्याला गेले असताना चोरांनी त्यांच्या खिडकीचे गज वाकवून घर साफ केले. त्या बातमीने या घराचे मालक प्रभाकरराव यांची झोप उडाली. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर ते आणि त्यांची बायको अनुसयाबाई दोघेच इथे राहत होते.

बंडूजी माप घ्यायला आले, तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, "जाड गज पायजे. हातानं वाकले नाई पायजे."

"एक पल्ला दारावानी उघडणारा ठेवा न," अनुसयाबाई म्हणाल्या. "कधी काई झालं तं बाहेर निंगता येईन."

"काकू बरोबर म्हणते," बंडूजी म्हणाले. "कुलूप लावून देतो. चाबी आतमधी खिळ्याले टांगून ठेवा."

"जे उघडते, तिथूनच चोर घुसते," प्रभाकरराव म्हणाले. "पक्कीच बसवा."

मग अनुसयाबाईंनी एवढेच मागितले की, गजांमधून वाटी जाईल इतकी जागा असावी. शेजारची छाया आणि अनुसयाबाई मागच्या खोलीच्या या खिडकीतूनच एकमेकींना भाजी देत असत.

बंडूजींनी माझे पाय भिंतीत खोल रोवले आणि वरून सिमेंट भरले. प्रभाकररावांनी मला धरून हिसके दिले. मी हलले नाही. त्यांचा चेहरा फुलला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते मला दाखवत. "ग्रिल असावी तं अशी," लोक म्हणत, आणि मला माझ्या बळाचा फार अभिमान वाटे. कितीतरी उन्हाळे असे गेले. अनुसयाबाई माझ्यावर ओले फडके वाळत घालत आणि दिवाळीच्या आधी माझ्या कोपऱ्यांतली धूळ जुन्या ब्रशने काढत.

मग गेल्या मे महिन्यातली ती दुपार आली. प्रभाकरराव औषधे आणायला वर्ध्याला गेले होते. अनुसयाबाई मागच्या खोलीत आडव्या पडल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत असत. पुढच्या खोलीत कूलरची वायर जळाली, पडद्याने पेट घेतला, पडद्यावरून आग दिवाणावर गेली. मागच्या खोलीतून बाहेर पडायची वाट तिथूनच होती.

अनुसयाबाई धडपडत माझ्यापाशी आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरले.

"छाया, ओ छाया, घरात धूर होऊन राह्यला वं."

छाया धावत आली. तिच्यामागे तिचा नवरा प्रेमदास आला. छायाने ओला फडका गजांमधून आत दिला. "मावशी, तोंडावर धरा. खाली बसा," ती सांगत राहिली. प्रेमदासने पाय भिंतीला लावून मला ओढले. गल्लीतली आणखी माणसे आली. सगळ्यांनी मिळून ओढले. मित्रांनो, त्या वेळी मी तुटावे, वाकावे, असे मला किती वाटले! पण लोखंडाला स्वतःहून वाकता येत नाही. शेवटी कोणीतरी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि प्रेमदास माझ्याभोवतीची भिंत फोडू लागला. अनुसयाबाईंचा एक हात तेवढा वेळ माझ्या गजावर होता. मग तो सुटला.

मी भिंतीतून निघाले, तेव्हा अनुसयाबाई खिडकीखाली निपचित पडल्या होत्या. त्यांना दवाखान्यात नेले. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. काही दिवसांनी त्या गेल्या.

तेरवी झाल्यावर प्रभाकरराव माझ्यासमोर येऊन बसले. छाया चहा घेऊन आली. "तिनं म्हटलं होतं मले," ते तिला म्हणाले. "तुह्या मावशीनं म्हटलं होतं." छायाने कप खाली ठेवला आणि तीही तिथेच बसली. चहा निवून गेला.

पुढे बंडूजी पुन्हा आले. घराच्या सगळ्या खिडक्यांना त्यांनी उघडणारे पल्ले बसवले. मागच्या खिडकीपाशी प्रभाकररावांनी डोळे घट्ट मिटले, भिंत चाचपत किल्ली शोधली, कुलूप काढले, पल्ला उघडला. पुन्हा लावला. पुन्हा डोळे मिटले.

"काकाजी, झालं आता. चांगलं उघडते," बंडूजी म्हणाले.

"पाहू द्या," प्रभाकरराव म्हणाले, आणि भिंत चाचपू लागले.

मित्रांनो, चोराची भीती खोटी नाही. खिडकीला गज जरूर लावा. पण आज घरी गेल्यावर एकदा पाहा, तुमची ग्रिल आतून उघडते का? किल्ली घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताला लागते का? उघडत नसेल, तर मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकले नाही, तर पुन्हा सांगा. अनुसयाबाईंनी एकदाच सांगितले होते.