तारा लावलेला शब्द

जामबागच्या कॉलेजात प्रकाशनाच्या टाळ्या चालू होत्या आणि शेवटच्या रांगेत निवृत्ती नव्या केल्टिक-मराठी शब्दकोशातलं आभाराचं पान तिसऱ्यांदा वाचत होता. संपादक प्राध्यापक नामदेवरावांनी कंप्यूटर देणाऱ्यांचे आभार मानले होते, अमेरिकेतल्या जावयाचेही मानले होते. एकोणीस वर्षं शब्दांची कार्डं लिहिणाऱ्या कारकुनाचं, म्हणजे त्याचं, नाव कुठेच नव्हतं.

त्याने एकशे बारावं पान काढलं. केल्ट लोकांच्या मूळ बोलीतला शब्द, ‘अंबाख्तोस’. शब्दाआधी ताऱ्याची खूण (*). म्हणजे हा शब्द कुणी कधी लिहून ठेवलेला नाही, त्याच्या वंशज शब्दांवरून विद्वानांनी जुळवून काढलेला. मूळ अर्थ चाकर. त्याची एक शाखा इंग्रजीत जाऊन राजदूत झाली, जर्मनांकडे कचेरी झाली. वेल्समधली मात्र शेतकरी होऊन नांगरच धरून राहिली. मराठी प्रतिशब्दापाशी नामदेवराव अडले, तेव्हा निवृत्तीच बिचकत म्हणाला होता, “सर, सालगडी लिहा ना. माझा बाप तेच होता. नांगरबी धरायचा, धन्याचे निरोपबी न्यायचा.” सरांनी पाठ थोपटली होती. कार्डाच्या कोपऱ्यात नेमाप्रमाणे लिहिणाऱ्याचं नाव पडलं.

छापील पानावर सालगडी होता. खाली टीप: ‘हा प्रतिशब्द प्रस्तुत संपादकास सुचला.’ बापच पळवला की यांनी!

कार्डं कंप्यूटरवर चढवली होती त्याच्या मुलीने, गीताने. गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांपैकी नल्लकुंट्याच्या एका क्लासात ती शिकली आणि त्यानेच सरांच्या हातापाया पडून तिला इथे लावलं. ती शेजारीच बसली होती.

“गीता, कोपऱ्यातली नावं कुठे गेली?”

ती ओढणी बोटाला गुंडाळत राहिली. “सर बोले, नावं नक्को. मी गाळले, बाबा.”

“माझंबी?”

“हौ. पर्मनंट करतो म्हणाले मला. मग काय बोलू मी?”

सरांचा दगा त्याने कसाबसा गिळला असता. मुलीचा गिळवेना.

“निवृत्ती, पाहुण्यांचे हार आण रे!” मंचावरून हाक आली. सवयीने तो उठला, हार देऊन आला, पण गीताजवळ परतला नाही. खालच्या खोलीत रद्दीवाल्यासाठी कार्डांची खोकी बांधून ठेवली होती. त्याने ‘न’चं खोकं सोडलं, एक कोरं कार्ड घेतलं आणि टपोऱ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. जरा थांबून नावाआधी तारा काढला.

मग कार्ड जागेवर लावून त्याने सुतळी पुन्हा घट्ट बांधली.