झोप: पाचपैकी पाच

केंद्रातल्या अठरा नर्सेसची मनःस्थिती गेले तीन आठवडे उत्तम होती. तसा कागदच होता. दोन हजार एकवीसच्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, विरारजवळच्या मंगल कार्यालयात उभ्या केलेल्या त्या कोविड केंद्रात दुसरं काहीच उत्तम नव्हतं, तेव्हा निदान कागदावर तरी असावं.

वरून आलेल्या मनोबल तक्त्यात प्रत्येक नर्सनं रोज आपली झोप, भूक आणि उमेद यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. पण पीपीई किट घातलेल्या बाईला पेन धरता येत नाही आणि किट उतरवलेल्या बाईला पेन दिसत नाही. म्हणून इन्चार्ज मर्लिन सिस्टर ड्यूटी बदलताना सगळ्यांचे गुण एकहाती भरून टाकायची. पाच, पाच, पाच. एखादीला दोन दिले, तर समुपदेशनाचा तीन पानी फॉर्म भरावा लागे.

आज सकाळी त्या अठरांतल्या रंभानं बाराव्या पलंगाचं इन्सुलिन एकविसाव्या पलंगावरच्या आजोबांच्या दंडाशी नेलं. मर्लिननं मनगट धरलं म्हणून वाचले.

"किती दिवस झोपली नाहीस गं?"

"झोपते की, सिस्टर. डोळा लागला की मॉनिटर वाजतो. उठून बघते, तर आमच्या नायगावच्या फ्लॅटमधला फ्रिज."

दुपारी मर्लिन रंभाचा चार दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन केंद्रप्रमुख डॉक्टर चंद्रहासांसमोर उभी राहिली. त्यांनी फाईल उघडली.

"हिची झोप एकवीस दिवस पाचपैकी पाच. इतकी तर माझीही नाही. हिला रजा दिली तर बाकीच्यांना काय सांगू?"

"ते गुण मी दिलेत, डॉक्टर. सगळ्यांचे. विचारलं कुणालाच नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सिस्टर, या तक्त्यावर आपलं केंद्र पहिलं आलंय. परवा सत्कार आहे. खोट्या नोंदीबद्दल तुम्हाला मेमो द्यावा लागेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "अर्ज मागे घेतलात, तर मी काही ऐकलं नाही."

बावीस वर्षांच्या नोकरीत मर्लिनला मेमो नव्हता. तिचा पाय दाराकडे वळलाही. दाराच्या काचेतून पलीकडे रंभा दिसली.

"मेमो द्या," मर्लिन म्हणाली, "पण आधी सही करा. चार वाजताचं इन्सुलिन आहे, आणि ती आत्ता सिरिंज भरतेय."

डॉक्टरांनी उभ्यानंच सही केली आणि ट्रे काढून घ्यायला स्वतः धावले.

फाटकाशी रिक्षात बसताना रंभा म्हणाली, "माझ्यापायी तुम्हाला मेमो."

"पहिलाच आहे. सांडोरच्या घरी फ्रेम करून लावते."

"माझ्या जागी कोण?"

"मी."

"तुम्ही कधी झोपलात?"

"बस गपचूप."

रिक्षावाला जरा सरकून बसला. "कोविड आहे का बाईंना?"

"झोप आहे. नायगावला उठव. नाही उठली तर वॉचमनला हाक मार."

रिक्षा वळायच्या आत रंभाची मान कलली.

मर्लिन आत आली, किट चढवलं, ट्रे घेऊन बाराव्या पलंगाशी गेली. सुई टोचण्याआधी ती थांबली. शेजारच्या पलंगाशी उन्नती ऑक्सिजन मोजत होती.

"उन्नती, इकडे ये. या सिरिंजवरचा पलंगाचा नंबर मोठ्यानं वाच."

"का, सिस्टर? तुम्हीच तर वाचलात."

"म्हणूनच. वाच."