ओळखीचा हात

पहिला बार चुकला. डुक्कर गुडघ्यांवर कोसळलं, पुन्हा उठलं आणि फुटलेल्या कपाळानं भिंतीला धडका देत राहिलं. नवा माणूस पिस्तूल धरून मागे सरकला. बाबांनी ते काढून घेतलं, जनावराच्या मानेवर गुडघा रोवला आणि दुसरा बार टाकला. मग सुरी. नालीतून वाफाळतं रक्त वाहू लागलं. मी बाबांचा डबा घेऊन दाराच्या काचेमागे उभी होते.

डुकरांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या जिवाणूंवर बाबांच्या प्रयोगशाळेत लस तयार होत होती. मुद्दाम रोग दिल्यावर लस टोचलेली जगली, न टोचलेली झटके येऊन मेली. पण प्रयोग संपला की जगलेल्यांचेही मेंदू तपासावे लागत. खायला बाबा घालत, म्हणून मारायचंही त्यांनीच. त्यांच्या हाताला जनावर बिचकत नसे. नव्या माणसाला ते शिकवायचं होतं.

शेवटी एक मादी उरली. लस न टोचताही ती साधी शिंकली नव्हती. तिच्या नाका-घशात कसले तरी चांगले जिवाणू होते, ते रोगाच्या जिवाणूंना टिकू देत नव्हते. स्वभाव थेट माझ्या आत्याचा, म्हणून बाबा तिला आत्याबाई म्हणत. आत्याला अर्थातच हे ठाऊक नव्हतं.

"साहेब, हिला राहू द्या," बाबा डॉक्टरांना म्हणाले. "कापसाच्या बोळ्यानं घ्या की नाकातून काय हवं ते. रोज धरून देतो."

"घेतलंय, काका. पण ते आत खोलवर कुठे बसलेत, ते उघडल्याशिवाय नाही कळणार."

"मग माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"बरं. हा करेल."

बाबांनी नव्या माणसाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रक्ताकडे. पिस्तुलात काडतूस भरलं.

"ये गं आत्याबाई. आज तरी भांडू नकोस."

ती कुरकुरत आली आणि त्यांच्या तळव्यात नाक खुपसून उभी राहिली. एकच बार.

"हिच्यामुळे कितीतरी पिल्लं वाचतील," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तिला आधी सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले आणि सुरी घेऊन खाली बसले.

पुढे खरंच तसं औषध निघालं. तिच्यातले जिवाणू आता पिल्लांच्या नाकात फवारतात. गेल्या महिन्यात बाबा गेले, तेव्हा भेटायला आलेले डॉक्टर मला तेच सांगत होते. मी मान हलवत होते.

मला आठवत होता आत्याबाईला मारल्यानंतरचा आठवडा. नवी पिल्लं आली होती. बाबा दिसताच ती धावली, गजांतून ओली नाकं बाहेर काढून उभी राहिली. बाबांनी फावड्यानं खाद्य आत लोटलं, आणि ती खात होती तोवर दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.